आधी शब्द, मग लाईन

आमच्या सबस्टेशनवर चाचांची ड्युटी असली की काम संपवून खाली उतरलेल्या वायरमनला उखाणा घ्यावा लागे. खांबाखाली उभं राहून, घामाघूम अवस्थेत, फोनवर. उखाणा झाला नाही तर वीज चालू होत नसे, मग गावातून कितीही फोन येवोत. नव्या माणसाला हे सांगितलं की तो हसायचा. मीही हसले होते.

तारेवर काम करायचं असलं की वायरमन सबस्टेशनला फोन करून परमिट घेतो. म्हणजे आम्ही ऑपरेटरांनी त्या भागाला वीज नेणारी लाईन (तिला फीडर म्हणतात) बंद करायची, त्याला एक नंबर द्यायचा, पॅनेलवर ‘माणसे काम करीत आहेत’ अशी पाटी अडकवायची आणि तो खाली उतरून तोच नंबर परत सांगेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. पुस्तकात नियम एवढाच. चाचांनी त्याला पदरचं शेपूट जोडलं होतं. नंबराबरोबर ते एक शब्दही देत. कधी पातेलं, कधी हरभरा, कधी मुंगूस. परमिट परत करताना तो शब्द घालून उखाणा म्हणायचा. त्यामुळे आमच्या भागातली धडधाकट माणसं खांबावर पाना फिरवता फिरवता यमकं जुळवत असत.

“सोललेला हरभरा, ताटात वाढला थोडा, सुरेखाचं नाव घेतो, आता फीडर सोडा,” असं कुणी म्हणालं की चाचा फोनवर “वा!” म्हणत आणि मगच उठत. एका बिनलग्नाच्या पोराला त्यांनी ‘जाळी’ शब्द दिला, तर त्यानं उत्तर दिलं, “क्रेटवरती जाळी, गोठ्यात म्हैस काळी, तिचंच नाव घेतो चाचा, बायको न्हाय कपाळी.” चाचा त्या दिवशी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

नाव इब्राहिम मुलाणी. इंदापूर तालुक्यात, बारामतीकडून वालचंदनगरला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, उसानं वेढलेलं आमचं सबस्टेशन होतं आणि चाचांचं घर त्याच गावात, चालत दहा मिनिटांवर. उंच, किडकिडीत, बारीक कापलेली पांढरी दाढी, शर्टाच्या खिशात दोन पेनं. आवाज मात्र अगदी लहान. आवारातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला ते ‘थोरली सून’ म्हणत. “दिवसभर पुटपुटती, पण घर तिच्यावर चालतं. पुटपुट बदलली की समजायचं, कायतरी बिनसलंय.” ड्युटीवर आल्याआल्या ते तिच्यासमोर दोन मिनिटं मान वाकडी करून उभे राहत. एकदा असंच ऐकून त्यांनी साहेबांना बोलावून घेतलं. बघतात तर खरोखरच तेल गळत होतं.

मी बारामतीची. डिप्लोमा करून पहिली नेमणूक इथे झाली, तेव्हा त्या खोलीत बाई ऑपरेटर म्हणून आलेली मी पहिलीच. पहिल्या दिवशी फोन उचलला की पलीकडून एकच वाक्य यायचं, “चाचांना द्या.” तीन-चार वेळा मी निमूटपणे फोन त्यांच्याकडे दिला. पाचव्या वेळी त्यांनी तो घेतला नाही. तोंडावर बोट ठेवून मान हलवली आणि मला खुणेनं बोलायला सांगितलं. मी म्हटलं, “चाचा बोलत नाहीयेत.” “का?” पलीकडून विचारलं. चाचांनी कागदावर लिहून दाखवलं, आणि मी वाचलं, “आजपासून महिनाभर मुके आहेत. काम असेल तर मॅडमना सांगा.” महिनाभर त्यांनी माझ्या पाळीत खरोखर एकही फोन घेतला नाही. महिना संपला तेव्हा लोक “मॅडम आहेत का?” म्हणून विचारायला लागले होते.

आमच्या वरच्या साहेबांना हे सगळं थिल्लर वाटे. “चाचा, ही कंट्रोल रूम आहे की लग्नाचा मांडव?” ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले. चाचा शांतपणे म्हणाले, “साहेब, मांडवातली माणसं जित्ती घरी जात्यात. आपलीबी जावीत.” साहेब हसले, आम्हीही हसलो. चाचा हसले नाहीत. कामाच्या बाबतीत त्यांचं असं होतं. खेळ कुठे संपला ते कळायचंच नाही. मी कधी वहीत वेळ अंदाजानं लिहिली तर ते पान परत माझ्यापुढे सरकवत. “घरातनं निघताना माणूस चप्पल घालतो, डबा घेतो. इमान तेवढं घरी ठिवतो. का? त्याला काय वजन हाय का?”

उखाण्यामागची गोष्ट मला वर्षभरानं कळली. त्यांनी ती एकदाच सांगितली, पंख्याखाली बसून, माझ्याकडे न बघता.

“आधीच्या सबस्टेशनला मारुती म्हणून वायरमन हुता. त्याला सवय, परमिट परत करताना गाणं म्हणायचा. कायबी, जत्रंतलं, शिनिमातलं. आधी गाणं, मग नंबर. एक दिवस फोन आला. नंबर बरोबर. ‘मारुती बोलतोय, लाईन सोडा.’ म्या सोडली.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मारुती वरच हुता.”

“मग?” मी विचारलं.

“चौकशीत म्या सुटलो. नंबर बरोबर हुता ना. कागदावर एक डाग न्हाय. फोन कुणी केला ते शेवटपर्यंत कागदावर आलंच न्हाय. गावानं एकमेकाला झाकलं. पण पोरी, त्या फोनवर गाणं नव्हतं. ते मला ऐकू आलं नव्हतं असं न्हाय. ऐकू आलतं. पण म्हणलं, नंबर तर बरोबर हाय.”

त्यानंतर ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ट्रान्सफॉर्मरसमोर उभे राहिले. पुन्हा हा विषय निघाला नाही.

आता तो मे महिन्यातला दिवस सांगायला हवा. सहा वर्षं झाली, तरी ती दुपार आठवली की माझा उजवा हात अजून गार पडतो.

आदल्या दिवशी सकाळी सोसाट्याचा वारा सुटला होता आणि ओढ्याकडच्या फीडरवर बाभूळ पडली होती. त्या अंगाच्या सगळ्या वस्त्यांवर दोन दिवस वीज नव्हती. मोटारी बंद, टाक्या कोरड्या, डाळिंबाच्या नव्या बागा करपायला लागलेल्या. गोठ्यातली जनावरं पाण्यासाठी ओरडत होती, ते रस्त्यावरून जातानाही ऐकू येई. सगळीकडेच पडझड झालेली, त्यामुळे आमचा वायरमन दत्ता तिथे पोचला तो थेट दुसऱ्या दिवशी दुपारी. दत्ता तिशीचा, कमी बोलणारा, चाचांच्या हाताखाली तयार झालेला. अडीचच्या सुमाराला त्यानं परमिट घेतलं. चाचांनी नंबर दिला आणि शब्द दिला, ‘शेवगा’.

चार वाजता माझी पाळी सुरू झाली. चाचांनी चार्ज दिला, वहीत सही केली. पण घरी गेले नाहीत. मागच्या टेबलाशी पाणी पीत बसून राहिले. तोवर गेटबाहेर माणसं जमायला लागली होती. दहा, पंधरा, मग मोजता येईनात. त्यांच्या पुढे आबा होते. आबा म्हणजे ओढ्याकडच्या वस्तीवरचे बडे बागाईतदार. गावात त्यांचा शब्द चाले, आणि चाचांचे तर ते लहानपणापासूनचे मित्र. दोघं एकाच शाळेत शिकलेले, एकाच ओढ्यात पोहलेले. चाचांना ‘इब्रा’ म्हणणारा गावात तो एकच माणूस. दर ईदला आबा सगळ्यांच्या आधी चाचांच्या घरी शीरखुर्मा खायला हजर असत.

साडेचार वाजले असतील. फोन वाजला. स्क्रीनवर दत्ताचं नाव होतं. मी उचलला. वाऱ्याचा घरघराट येत होता. “दत्ता बोलतोय,” आणि नंबर सांगितला. “काम झालंय, माणसं खाली हायत, लाईन सोडा.” मी तो मोठ्यानं परत म्हटला आणि वहीत बघितलं. नंबर बरोबर होता. बाहेर कुणीतरी ओरडलं, “आला! दत्ताचा फोन आला!” आणि दहाजण गेट ढकलून खिडकीशी आले.

मी पाटी काढली. स्विचवर हात ठेवला.

“शब्द काय म्हणला?”

मागून चाचांचा लहान आवाज आला. मी वळले. हात तसाच होता.

मी पुढे कितीतरी जणांना सांगितलं की गडबडीत विसरले. ते खरं नाही. मला आठवत होतं. पण खिडकीशी उभ्या असलेल्या, दोन दिवस तहानलेल्या माणसांसमोर फोनवर उखाणा मागायची मला लाज वाटली.

“विचारलं नाही,” मी म्हटलं.

“हात काढ.”

मी हात काढला. पाटी परत अडकवली. दत्ताच्या फोनवर परत फोन लावला. “शब्द सांग,” म्हटलं. पलीकडे क्षणभर नुसता वारा. मग, “कसला शब्द? सोडा ना मॅडम, माणसं ताटकळल्यात,” आणि फोन बंद. पुन्हा लावला, उचललाच नाही.

चाचा उठले, त्यांनी पॅनेलची चावी काढून शर्टाच्या खिशात दोन पेनांमध्ये ठेवली आणि पॅनेलसमोर खुर्ची ओढून बसले. तेवढ्यात आबा आणि त्यांच्यामागून पाच-सात जण आत शिरले.

“इब्रा, फोन आला म्हणं दत्ताचा. मग बसलायस कशाला?”

“फोन आलाय,” चाचा म्हणाले. “दत्ता अजून आला न्हाय.”

“म्हंजी?”

“शब्द न्हाय आला.”

“आरं, दोन दिस झालं जनावरांच्या तोंडाला थेंब न्हाय, आन तू उखाणं ऐकत बसणार व्हय?” आबांचा आवाज चढला. “माझं पोरगं तितं दुपारपासनं बाभळी ओढतंय. प्रमोदनंच सांगितलं आत्ता, दत्ता खाली आलाय म्हणून. आता काय माझ्यावर इस्वास न्हाय तुझा?”

“तुझ्यावर हाय. पण तार तुला वळकत न्हाय, आबा.”

मागून कुणीतरी शिवी हासडली. खिडकीची काच फुटली. दगड माझ्या टेबलाखाली येऊन थांबला. त्यात साहेबांचा फोन आला. कुणीतरी वरपर्यंत तक्रार केली होती. मी स्पीकरवर टाकला.

“नंबर जुळलाय ना? मग अडवून कशाला धरलंय? तिथे दंगल झाली तर जबाबदार कोण? सोडा लाईन.”

“साहेब, तसं लिहून पाठवा,” चाचा म्हणाले.

“लिहून पाठवलं की सोडणार?”

“न्हाय. तरीबी सोडणार न्हाय. पण तुमी लिहून पाठवा.”

फोन बंद झाला. खोलीत कुणी हसलं नाही. चाचा माझ्याकडे बघून म्हणाले, “पोरी, गाडी काढ. डोळ्यानं बघून ये.” मी म्हटलं, “चाचा, मी ड्युटीवर आहे.” “चार्ज मला परत दे. वहीत लिही, मग जा.” त्या गोंधळात, वीसेक माणसं अंगावर आलेली असताना, त्या माणसानं मला आधी वेळ घालून सही करायला लावली.

आबांच्या माणसांनी मला गेटमधून जाऊ दिलं. बाईमाणूस म्हणून असेल, किंवा मी जाऊन त्यांचंच म्हणणं खरं करीन असं वाटलं म्हणून. कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस. तीन किलोमीटर असेल. सगळ्या वाटेत मी एकच गोष्ट मनाशी म्हणत होते, दत्ता खाली असू दे; मग चाचांना लोकांनी काहीही बोलू दे.

पाटाच्या चारीच्या कडेला दत्ताची मोटारसायकल दिसली. बाभळीचे तुकडे रस्त्याकडेला ओढून टाकलेले. मोटारसायकलच्या हँडलला दत्ताची पिशवी आणि तिच्याजवळ प्रमोद, आबांचा मुलगा. तेवीस-चोवीस वर्षांचा, अंगानं तगडा, पोलीस भरतीची मैदानी आणि लेखी दोन्ही परीक्षा पास झालेला. त्याच्या हातात दत्ताचा फोन होता.

“दत्ता कुठाय?”

“उतरला की मघाशीच. काम झालं म्हणला,” तो म्हणाला. “तिकडं पुढं गेला चालत. लघवीला गेला आसंल.”

“फोन तू केलास?”

“आबा सारखं विचारत हुतं, झालं का, झालं का... नंबर मला ठावं हुता, दत्तानं परमिट घिताना मोठ्यानं परत म्हणला तवा ऐकलाय. म्हणलं, उगं येळ कशाला...”

मी पुढे बघितलं. रस्ता तिथे वळत होता आणि वळणापलीकडे नुसता ऊस. उसाच्या शेंड्यांच्या वर पुढच्या खांबाचं टोक दिसत होतं. त्या टोकाला पिवळं हेल्मेट होतं.

पहिल्या खांबावरचं काम झाल्यावर दत्ताला पुढच्या खांबावर एक जोड सैल दिसला होता. पिशवी आणि फोन गाडीला ठेवून तो पाना घेऊन चालत गेला होता आणि चढला होता. प्रमोदनं त्याला उतरताना पाहिलं होतं, चढताना नाही. मी बघत होते तिकडे प्रमोदनं बघितलं. काही न बोलता तो रस्त्याच्या मधोमध खाली बसला.

मी चाचांना फोन लावला. “चाचा, वर आहे. दोन्ही हात तारेला आहेत.”

पलीकडे लोकांचा कालवा ऐकू येत होता. चाचा म्हणाले, “हाक मारू नगस. दचकंल. त्याचं काम करू दे त्याला. तू तितंच थांब.”

पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. मी खांबापासून थोड्या अंतरावर उभी राहिले. दत्ता शिट्टी वाजवत जोड आवळत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. उतरला, मला बघितलं आणि चक्रावला. “मॅडम, तुमी हितं?” मी त्याला एवढंच म्हटलं, “आधी परमिट परत कर.” गाडीपाशी येऊन त्यानं प्रमोदच्या हातातून स्वतःचा फोन घेतला, त्याच्या तोंडाकडे बघितलं, काहीतरी विचारणार होता, पण आधी फोन लावला. नंबर सांगितला. मग, नेहमीसारखा थोडा लाजत, म्हणाला,

“दारात लावला शेवगा, त्याची सावली गार, अश्विनीचं नाव घेतो, खांब उतरलो पार.”

तिकडे स्पीकर चालू होता. मला नंतर कळलं की चाचांनी फक्त एक वाक्य सांगितलं होतं, “दत्ता अजून वरच हाय.” त्यानंतर खोलीतला आवाज बंद झाला तो उखाणा संपेपर्यंत. मग चाचांनी खिशातून चावी काढली. पाटी उतरवली आणि लाईन सोडली. इकडे आमच्या शेजारच्या विहिरीवरची मोटार घरघरली आणि दत्ता म्हणाला, “आली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा एकटे आले. चाचा अहवाल लिहायला बसले होते. आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“इब्रा, सगळं लिही. फोन आलता लिही, काच फोडली लिही. पोराचं नाव तेवढं लिहू नगस. भरतीची पडताळणी व्हायचीय. एक कागद गेला तर आयुष्य गेलं त्याचं.”

“ठावं हाय.”

“त्यानं काय मुद्दाम केलं का? म्याच त्याला सारखा फोन करीत हुतो.”

“तेबी लिहितो,” चाचा म्हणाले.

“काय झालं न्हाय ना, इब्रा? दत्ता जित्ता हाय ना?”

चाचांनी पेन खाली ठेवलं. “मागच्या टायमाला नाव आलं न्हाय, आबा. मारुतीच्या बायकूनं मला इचारलं हुतं, कुणी केला फोन. माझ्याकडं सांगायला काय नव्हतं. आता नाव माहीत आसून म्या न्हाय लिहिलं, तर उद्या कुणीबी कुणाचा फोन उचलंल.”

आबांनी टोपी उचलली आणि गेले. चाचांनी नाव लिहिलं. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “तुझं तू लिही. म्या तुझं लिहिणार न्हाय.” मी लिहिलं: शब्द विचारला नाही, स्विचवर हात ठेवला होता. माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांतच मला मेमो मिळाला. पुरवठ्याला विलंब केल्याबद्दल चाचांनाही नोटीस आली, ती त्यांनी शांतपणे वाचून, घडी घालून, खिशात ठेवली.

प्रमोदची चारित्र्य पडताळणी अडकली. कागद इकडून तिकडे फिरत राहिले आणि तेवढ्यात त्याची संधी गेली. पुढच्या भरतीला तो उतरलाच नाही. आता तो दुधाचा टँकर चालवतो. आबांनी चाचांशी बोलणं सोडलं. गावातल्या काहींनी चाचांना नमस्कार करणंही सोडलं.

पुढच्या ईदला चाचांकडे आबा आले नाहीत. मी गेले होते. दुपारी चाचा म्हणाले, “मला जरा वस्तीवर सोड.” स्कूटीवर मागे बसून, मांडीवर शीरखुर्म्याचं भांडं धरून ते आबांच्या दाराशी गेले. आतून सूनबाई आल्या, भांडं घेतलं, “आबा झोपल्यात” म्हणाल्या. आबांचा खोकला आतून ऐकू येत होता. चाचा ओट्यावर पाच मिनिटं बसले आणि निघाले. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्याही पुढच्या वर्षी. मला राग येई. एकदा परतताना मी म्हटलं, “चाचा, तुम्ही बरोबर केलं होतं. मग का जाता दरवर्षी?”

स्कूटी खड्ड्यातून गेली. ते सावरून बसले. म्हणाले, “बरोबर केलं. पण त्या पोराचं नुकसान झालं ते झालंच की. बरोबर केलं म्हणून ते नुकसान माझं न्हाय, असं कसं म्हणू?”

नोकरीत बरोबर वागलं की मन मोकळं होतं, असं मला तोवर वाटत असे.

चाचा निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमाला इंदापूर आणि बारामती, दोन्ही तालुक्यांतले वायरमन आले. शाल दिली, नारळ दिला. भाषण करा म्हणून आग्रह झाला तर उभे राहून त्यांनी आमच्या साहेबांनाच उखाणा घ्यायला लावला. साहेबांनी अडखळत घेतलाही. आबा आले नाहीत. चाचांची नजर मधूनमधून दाराकडे जात होती, ते मी पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षं चाचा होते. अधूनमधून सकाळी सबस्टेशनच्या कुंपणाशी येऊन उभे राहत, मान वाकडी करून ऐकत आणि बाहेरूनच “सून बरी हाय” असं सांगून जात. या हिवाळ्यात छातीत दुखायला लागलं म्हणून त्यांना बारामतीच्या दवाखान्यात नेलं आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

दफन दुपारी होतं. मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर, लिंबाखाली उभी होते. रस्त्याच्या कडेला मोटारसायकलींची रांग लागली होती. कामावरून तसेच आलेले वायरमन, कुणाच्या कमरेला अजून पक्कड. दत्ता आत होता. सगळं होत आल्यावर एक मोटारसायकल आली. प्रमोद चालवत होता, मागे आबा. सहा वर्षांत खूप थकले होते. प्रमोद गाडीवरच बसून राहिला, हँडल धरून. आबा काठी टेकत आत गेले. मला फाटकातून दिसत होतं. त्यांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून कुणीतरी माती त्यांच्या हातात दिली आणि त्यांनी ती सोडली. बराच वेळ ते तिथेच उभे होते.

बाहेर आले तेव्हा माझ्यासमोर थांबले. डोळे बारीक करून बघितलं.

“त्या दिशी गाडीवर गेलेली पोरगी तूच ना?”

“हो, आबा.”

ते काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. थोडं मागे, गाडीवर प्रमोद होता. त्याला सगळं ऐकू जात होतं.

“दत्ता,” आबा म्हणाले, आणि थांबले. मग म्हणाले, “दत्ता बरा हाय का?”

सहा वर्षांत ‘जित्ता हाय ना’च्या पुढे त्यांनी दत्ताबद्दल कधी, कुणाला विचारलं नव्हतं.

“बरा आहे,” मी म्हटलं. “आतच आहे. येईल आता.”

आबा निघाले नाहीत. थांबले. थोड्या वेळानं दत्ता फाटकातून बाहेर आला. हात मातीनं भरलेले, डोळे लाल. त्यानं आधी आबांना बघितलं, मग त्यांच्यामागे बघितलं, आणि होता तिथेच उभा राहिला.

प्रमोदनं गाडी स्टँडवर लावली आणि खाली उतरला.